खिडकीचा कब्जा

स्थावर मालमत्तेविषयी वऱ्हाडी मनुष्याच्या अंतःकरणात जी उत्कट निष्ठा वसत असते, तिचा लाभ तो जंगम वस्तूंना सहसा होऊ देत नाही. परंतु वाहनातील खिडकीची जागा हा या नियमास एक ठळक अपवाद असून, ती जागा धावती असली, उडती असली आणि तिचे आयुष्य तिकिटावर छापलेल्या दोन वेळांच्या दरम्यानच संपणारे असले, तरी तिच्यावर बसणारा इसम तिच्याकडे वडिलार्जित ओलिताच्या ममतेनेच पाहतो. अमरावती-परतवाडा किंवा अकोला-अकोट मार्गावरील एस.टी.च्या खिडकीतून आत टाकलेला हातरुमाल हा कब्जाचा सज्जड पुरावा समजला जातो. रुमालाहून टोपी श्रेष्ठ, टोपीहून पिशवी श्रेष्ठ, आणि आईने फलाटावरून खिडकीतून आत सोडलेले, रडण्याच्या बेतात असलेले लहान मूल हे तर ज्यावर अपीलच चालत नाही असे अंतिम प्रमाण होय.

कायद्याने या भावनेची दखल घेतलेली नाही असे नाही. १८८२च्या सुखाधिकार कायद्यात असे सांगितले आहे की, एखाद्या इमारतीत येणाऱ्या प्रकाशाचा व हवेचा उपभोग शांततेने आणि अखंडपणे वीस वर्षे घेतला, तर तो हक्क निरपवाद होतो व शेजाऱ्यास मध्ये भिंत घालता येत नाही. मुंबई-अमरावती विमानप्रवास सुमारे पावणेदोन तासांचा असल्यामुळे वीस वर्षांची मुदत पुरी होण्यास त्याच खिडकीशी किती वेळा बसावे लागेल, याचा हिशेब आमच्या परिचयातील एका वकिलांनी मांडून पाहिला होता. परंतु ‘अखंडपणे’ या शब्दापाशी त्यांची लेखणी अडली, आणि हवेच्या बाबतीत तर विमानाची खिडकी मुळात उघडतच नाही हे कोणीतरी त्यांच्या निदर्शनास आणून दिल्यावर तो दावा त्यांनी काढून घेतला.

या पुरातन हक्कास नवे क्षेत्र उपलब्ध झाले ते १६ एप्रिल २०२५ रोजी, ज्या दिवशी बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईशी नियमित विमानसेवा सुरू झाली. तत्पूर्वी अमरावतीकरास पश्चिमेकडील मुंबईला उडून जावयाचे झाल्यास प्रथम पूर्वेस दीडशे किलोमीटर नागपूरपर्यंत रस्त्याने जावे लागे, म्हणजे मुंबईस तेवढी अधिक दूर सारून मग तिचा पाठलाग करावयाचा. नागपूरच्या विमानतळाची थोरवी आम्ही नाकारीत नाही. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालात दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चार ठिकाणांहून निघालेली विमाने मध्यरात्री तेथे एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि उजाडेपर्यंत आपापल्या मुक्कामी परत जात. थैल्यांना खिडकी लागत नाही, त्यामुळे ती व्यवस्था तंट्यावाचून चालली.

बेलोऱ्याच्या विमानात मात्र कोणत्या अंगास बसावे, डाव्या की उजव्या, या प्रश्नाने राजकमल चौकाजवळील आमच्या संध्याकाळच्या बैठकीत असा काही जोर धरला की कापसाचा भाव, महानगरपालिकेचे नळ आणि मुलांच्या पुण्यातील नोकऱ्या हे तिन्ही कायमचे विषय काही काळ तहकूब झाले. बैठकीतील प्रमुख पक्षकार दोन. एक, महसूल खात्यातून निवृत्त झालेले मंडळ अधिकारी, ज्यांची उभी हयात पीकपाहणी, पंचनामे आणि पैसेवारी यांत गेली. दुसरे, आमचे अकोल्याचे इवाई, म्हणजे व्याही, जे मुलीस भेटण्याच्या निमित्ताने येतात व अमरावतीच्या प्रत्येक गोष्टीत काय उणे आहे हे पाहून जातात. ज्या महामार्गाने ते येतात, त्याच मार्गावर अमरावती-अकोला दरम्यान २०२२च्या जूनमध्ये ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा सलग १०५ तास ३३ मिनिटांत घातला जाऊन विश्वविक्रम झाला. परंतु त्या विक्रमातील अकोल्याकडील बाजू अधिक गुळगुळीत आहे, असे त्यांचे मत आहे व ते त्यांनी वाहनाच्या खिडकीतूनच निश्चित केलेले आहे.

इवायांच्या मनात एक शल्य आहे आणि ते न्याय्य आहे. अकोल्याजवळ शिवणीची धावपट्टी १९४३पासून आहे; बेलोऱ्याचा कोणास स्वप्नातही पत्ता नव्हता तेव्हापासून. परंतु तिची लांबी १४०० मीटर, बेलोऱ्याची १८५०. आणि शिवणीची पट्टी वाढवावयाची तर शेजारी कृषी विद्यापीठाची जमीन, त्यामुळे विमानतळाचे विस्तारीकरण हा विषय त्या शहरात कित्येक वर्षे प्रस्तावाच्या अवस्थेत नांदत आहे. परिणामी ज्या शहराजवळ विमानतळ आधी झाला, त्या शहरातील मनुष्यास विमानात बसण्यासाठी अमरावतीस यावे लागते, आणि मुलगी दिलेल्या घरी उतरून, तेथील चहा पिऊन, मग बेलोऱ्यास जावे लागते. अशा मनुष्याने निदान खिडकी तरी मागितली, तर ती नाकारण्याचे धैर्य कोणास होणार?

आता विमानाविषयी. या मार्गावर जे घातले आहे ते एटीआर ७२ जातीचे, दोन पंख्यांचे विमान. आणि दृश्यलोलुप प्रवाशाच्या दृष्टीने त्याचा सर्वांत मोठा गुण हा की, त्याचे पंख खिडक्यांच्या वर, धडाच्या माथ्यावर बसविलेले असतात. मोठ्या जेट विमानात पंख खाली असल्यामुळे मधल्या रांगांत खिडकी पटकाविणारा गृहस्थ सबंध प्रवासभर एक राखाडी पत्रा आणि त्यावर पाय न ठेवण्याविषयीची सूचना एवढेच वाचीत बसतो. येथे मात्र पंख डोक्यावर छत्र धरतो आणि खालची पृथ्वी मोकळी सोडतो. दुसरा गुण असा की, आसने एका बाजूस दोन व दुसऱ्या बाजूस दोन अशी असल्यामुळे मधली जागा नावाची जी दुर्दैवी संस्था मोठ्या विमानांत आढळते ती येथे नाहीच. सत्तरच्या आसपास प्रवाशांपैकी निम्मे खिडकीदार आणि निम्मे बिनखिडकीदार, इतकी समसमान वाटणी आपल्याकडे भाऊबंदकीतही क्वचित पाहावयास मिळते.

पुढील रांगा टाळाव्यात, कारण पंखे तेथे अगदी कानाशी फिरतात आणि दृश्यही त्यांच्या भिरभिरण्यातून गाळून घ्यावे लागते. मधल्या काही खिडक्यांतून उतरण्याच्या वेळी चाके विमानाच्या पोटातून बाहेर येताना दिसतात, आणि ज्यांचा यंत्रावर विश्वास कमी आहे त्यांनी या खिडक्या अवश्य घ्याव्यात, म्हणजे चाके खरोखरच आली याची स्वतः खातरजमा करता येते. परंतु मोकळे, निर्वेध दृश्य पाहिजे असेल तर शेवटच्या रांगा उत्तम. या विमानाचे दार मागील बाजूस असते. सामानाची खोली पुढे, वैमानिक व प्रवासी यांच्या मध्ये. त्यामुळे दारातून आत शिरताच समोर दिसते ते शेवटचे आसन, आणि एस.टी.च्या संस्काराने घाईघाईत प्रथम चढलेला वऱ्हाडकर आपले आसन तिसऱ्या रांगेत आहे हे समजून सगळे विमान ओलांडीत निघतो, तेव्हा वाटेतील प्रत्येक रिकाम्या खिडकीकडे तो ज्या नजरेने पाहतो ती नजर बेवारस जमिनीकडे पाहणाऱ्या मनुष्याची असते.

डावे-उजवे ठरविण्यासाठी मंडळ अधिकाऱ्यांनी महाराष्ट्राचा जुना नकाशा पसरला आणि मुंबई ते बेलोरा अशी फूटपट्टीने रेघ ओढली. विमान हुबेहूब त्या रेघेवरून जाते असे नव्हे, हवाई नियंत्रकांची फूटपट्टी वेगळी असते; तथापि वादासाठी एवढा आधार पुरेसा होता. उड्डाण समुद्राच्या दिशेने झाले तर आरंभीच उजव्या हातास जुहूचे जुने विमानतळ येते, जेथे १९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले होते. पुढे विमान पूर्वेकडे वळले की सह्याद्री. हरिश्चंद्रगड जवळजवळ रेघेवरच, म्हणजे थेट पायाखाली, आणि पायाखालचे डाव्यालाही दिसत नाही आणि उजव्यालाही दिसत नाही, हा निसर्गाचा निःपक्षपातीपणा आहे. डावीकडे १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई आणि भंडारदऱ्याचा जलाशय. पुढे डावीकडे शिर्डी, उजवीकडे पैठणच्या धरणाचा नाथसागर, डावीकडे दूर अजिंठ्याचे डोंगर, उजवीकडे लोणार. त्यानंतर वऱ्हाडात शिरल्यावर डावीकडे अकोला, मूर्तिजापूर आणि शेवटी बडनेऱ्याचे रेल्वे रूळ. उजवीकडे काटेपूर्णेचे धरण व कारंज्याचा मुलूख.

लोणारमुळे उजव्या पक्षाचे पारडे काही काळ जड झाले होते. १.८ किलोमीटर व्यासाचे, आघाताने बेसाल्टात पडलेले ते विवर आकाशातून पाहणे, म्हणजे जो उल्कापाषाण तेथे येऊन पडला त्याच्या दृष्टिकोनातून पाहणे, असा मुद्दा एका प्राध्यापकांनी मांडला व तो सर्वांस पटला. परंतु रेघेपासून लोणार चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर दक्षिणेस राहते, आणि विमानाची उंची अठरा-वीस हजार फूट म्हणजे साडेपाच-सहा किलोमीटर. एवढ्या तिरप्या दृष्टीस ते विवर, हवा स्वच्छ असलीच तर, हिंगाच्या डबीचे झाकण कडेने पाहावे तितपतच दिसणार. प्राध्यापक गप्प झाले. उल्केने डावी-उजवी बाजू निवडली नव्हती, ही तिची सोय होती.

सूर्याचाही विचार झाला. सेवा सुरू झाली तेव्हाच्या वेळापत्रकाप्रमाणे विमान दुपारी मुंबईहून निघे व संध्याकाळी अमरावतीहून परत फिरे. येताना विमानाचे तोंड पूर्वेस व किंचित उत्तरेस असते, म्हणजे कलता सूर्य पाठीमागे. दोन्ही बाजूंस समान प्रकाश, कोणाचीच तक्रार नाही. जाताना मात्र उन्हाळ्यात सूर्य वायव्येकडे झुकून मावळतो व उजव्या खिडक्यांतून थेट डोळ्यांत शिरतो. हिवाळ्यात तो नैऋत्येस उतरतो व वैमानिकाच्याच डोळ्यांत जातो, ज्याच्या खिडकीचा कोणी हेवा केल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

एवढे सगळे ठरवून खिडकी मिळविली, तिच्यासाठी अधिक दाम मोजले, तरी ताबा निर्वेध मिळेलच असे मानू नये. खिडक्यांची जागा विमानाच्या सांगाड्याने ठरते आणि आसनांमधील अंतर विमान चालविणारा ठरवितो, त्यामुळे दोहोंचा मेळ बसतोच असे नाही. एखाद्यास दोन खिडक्यांमधील भिंत येते, तर एखादी खिडकी दोन रांगांच्या सामाईक हद्दीवर पडते, आणि तिची झडप वर असावी की खाली, याचा अधिकार कोणाचा हा प्रश्न उपस्थित होतो. वऱ्हाडकरास ही परिस्थिती नवीन वाटू नये. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, तेव्हा प्रांताची मालकी हैदराबादेस राहिली आणि कारभार रेसिडेंटाच्या हाती गेला. १९०२ साली लॉर्ड कर्झनने वार्षिक २५ लाख रुपयांवर त्याचा कायमचा पट्टा करून घेतला. आणि १९३६ साली निजामाच्या वडील पुत्रास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला, ज्याच्या बळावर त्यास वऱ्हाडातील एखाद्या पटवाऱ्याची बदली करणेही शक्य झाले नसते. खिडकीचे तिकीट पुढच्याजवळ आणि झडपेची मूठ मागच्याच्या हातात, अशी विभागणी जेव्हा होते, तेव्हा पुढच्याने आपल्याजवळ किताब आहे यातच समाधान मानावे, आणि मागच्याने ऊन लागते म्हणून झडप ओढली की तीस कायमचा पट्टा समजावे.

इतका सारा खल एका खिडकीसाठी का, असे पुण्या-मुंबईच्या वाचकास वाटेल. त्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९५६ साली आमची राजधानी नागपूरहून मुंबईस गेली, तेव्हापासून वऱ्हाडकर अर्ज, फायली, शिष्टमंडळे, लग्नाच्या पत्रिका आणि दुखणी घेऊन मुंबईस जात आला आहे. परंतु तो जातो रात्री. अमरावतीची गाडी, जिला अंबादेवीवरून अंबा एक्स्प्रेस म्हणतात, दिवेलागणीस सुटते व पहाटे मुंबईत पोचते. विदर्भ एक्स्प्रेसही अकोल्यास रात्रीच येते. डब्यात शिरावे, घरची पोळी-भाजी सोडावी, भुसावळ येण्यापूर्वी आडवे व्हावे आणि कल्याणला डोळे चोळीत उठावे. मनमाड म्हणजे चहावाल्याची आरोळी, इगतपुरी म्हणजे गाडी उगाच थांबल्याची जाणीव, आणि कसारा घाट म्हणजे झोपेत कानांस लागलेला दडा. मुंबई आणि आपण यांच्या मध्ये काय आहे, हे आमच्या कित्येक पिढ्यांनी उजेडी पाहिलेलेच नाही. शासनाने वऱ्हाडाकडे दुर्लक्ष केले या तक्रारीत तथ्य आहे. पण वऱ्हाडानेही मधल्या महाराष्ट्राकडे पाठ करून, अंगावर चादर ओढून, साठ-सत्तर वर्षे झोप काढली हेही विसरता कामा नये.

म्हणून सप्टेंबरअखेरीस, मुंबईतील एक लग्न आटोपून, आम्ही तिघे त्या विमानाने परत निघालो, तेव्हा खिडकीशी बसलेल्या दोघांच्या चेहऱ्यावर सहलीचा आनंद नव्हता; तपासणीचे गांभीर्य होते. डाव्या अंगास पुढे-मागे दोन खिडक्या मिळाल्या होत्या. पुढील खिडकीशी इवाई, मागील खिडकीशी मंडळ अधिकारी आणि आम्ही त्यांच्या शेजारी, बिनखिडकीदार, परंतु दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून घेण्यास सोयीच्या जागी. ढग फाटले ते प्रवरेच्या खोऱ्यावर. खाली कालवे, ऊस, पुन्हा कालवे. १९५० साली प्रवरानगरास सहकारी साखर कारखाना निघाला तो याच मुलखात. मंडळ अधिकारी काचेस नाक लावून बराच वेळ पाहत राहिले व म्हणाले, “म्हणजे दांडेकरसाहेबांनी जो अनुशेष १९८४ साली आकड्यांत मांडला, तो इथून नुसत्या डोळ्यांनी दिसते!” वास्तविक तो त्या दिवशी दिसत नव्हता. भाद्रपद-आश्विनात सगळा महाराष्ट्र सारखाच हिरवा असतो आणि बारमाही पाण्याचे शेत कोणते व कोरडवाहू कोणते हे सांगण्यास नकाशाच लागतो; अनुशेष स्वच्छ पाहावयाचा असेल तर तिकीट मार्चअखेरचे काढावे, म्हणजे हिरवा रंग जेथे संपतो ती रेघ कोणत्याही समितीच्या अहवालाहून स्पष्ट दिसेल.

पुढे ढगांचा एक मोठा पडदा आला. इवायांनी त्या अवधीत मिळालेले पाणी पिऊन घेतले, कारण अकोला येईल तेव्हा हात मोकळे हवेत. आणि ते आले. किंवा जे आले ते अकोलाच आहे, असे त्यांनी जाहीर केले; काचेवर बोट ठेवून त्यांनी मोर्णा दाखविली, किल्ला दाखविला, आणि एका फिकट रेघेपाशी बोट थबकले. “हे शिवणी,” ते म्हणाले. मागून मंडळ अधिकाऱ्यांनी ती रेघ धावपट्टी नसून एमआयडीसीतील रस्ता असल्याचा संशय व्यक्त केला. “रस्ता असता तं गाड्या दिसल्या असत्या ना,” इवाई उत्तरले, “काहीच चालून नाही रायलं, म्हणजे थे आमचं विमानतळच हाय!” या युक्तिवादास मंडळ अधिकाऱ्यांच्या दीर्घ सेवेतही तोड नव्हती.

तथापि सूड त्यांनी लगेच घेतला. सप्टेंबरअखेर हा नजरअंदाज पैसेवारी जाहीर होण्याचा काळ. गावोगावी पिकाची स्थिती पाहून ती रुपयास किती पैसे आहे हे ठरवावयाचे, ऑक्टोबरअखेर ती सुधारावयाची आणि डिसेंबरअखेर अंतिम करावयाची, अशी अमरावती विभागाची रीत आहे. आणि पन्नास पैशांच्या खाली गेल्यावाचून गावास टंचाईची आशा नाही. पेन्शन सुरू झाली तरी हा ऋतू आला की त्यांचा हात आपोआप खिशातील पेनाकडे जातो. अकोला मागे पडताच त्यांनी बोर्डिंग पासची कोरी बाजू मांडीवर घेतली आणि खालील पिवळसर चौकोनांकडे पाहून लिहिण्यास आरंभ केला. “सोयाबीन पिवळं पडून रायलं. मोझॅक आहे. चाळीस पैसे.”

“पिवळं पडलं नाही साहेब, पिकलं!” इवाई पुढून वळून म्हणाले. “सोंगायले आलं थे. इतक्या वरून रोग कोन पाह्यते?”

“आम्ही बांधावर न जाता पुष्कळ पाह्यलं,” मंडळ अधिकारी म्हणाले; आणि हे वाक्य कबुलीजबाब ठरू शकते हे लक्षात येऊन त्यांनी लगोलग पुस्ती जोडली, “म्हणजे, आधी बांधावर जाऊन.”

विमान उतरू लागले होते. झडपा उघड्या ठेवाव्यात, आसने सरळ करावीत अशी घोषणा झाली. हवाईसुंदरी आमच्या रांगेपाशी येऊन थांबली व मांडीवरील कागद आवरण्याची खूण करू लागली. मंडळ अधिकाऱ्यांनी तीस नम्रपणे एक मिनिट मागितले, कारण पस्तीस पैसे करावेत की चाळीसच ठेवावेत याचा निर्णय व्हावयाचा होता, आणि रूळ जेथे एकत्र येतात असे एक गाव खिडकीतून मागे सरकत चालले होते.

“थे पाहा, मूर्तिजापूर,” इवाई पट्टा बांधलेल्या अवस्थेत शक्य तितके मागे वळून म्हणाले. “म्हणजे जिल्हा अकोला. तुमची नोकरी झाली अमरावती जिल्ह्यात. पेन ठेवा साहेब खिशात. बडनेरा आल्यावर काढा.”